साखळी, जाळे, मनोरा, प्रवाह : परिसंस्थेतील अन्नसंबंधांच्या परिभाषेचा विचार

१. प्रास्ताविक

कोणत्याही शास्त्राची परिभाषा ही त्या शास्त्राच्या विचाराची केवळ वेष्टने नव्हेत. पुष्कळदा ती विचाराला वळण लावते आणि क्वचित अडवूनही धरते. रूपकातून निर्माण झालेल्या संज्ञांच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. रूपक एका अंगावर प्रकाश टाकते व दुसरे अंग अंधारात ठेवते. आणि संज्ञा रूढ झाली की, ती मुळात रूपक होती ह्याचाच विसर पडतो.

सजीव परस्परांना खाऊन जगतात, ही गोष्ट शास्त्राचा जन्म होण्यापूर्वीपासून सर्वांना ठाऊक आहे. परंतु ह्या खाण्याखाणवण्यात काही व्यवस्था आहे, ती मोजता येते, आणि तिच्यावर भौतिकीच्या नियमांचे बंधन आहे, ही जाणीव विसाव्या शतकातील आहे. ती व्यक्त करण्यासाठी परिस्थितिविज्ञानाने मुख्यतः चार रूपकांचा आश्रय केला : साखळी, जाळे, मनोरा आणि प्रवाह. ही चार रूपके कोणत्या निरीक्षणांतून जन्मली, त्यांनी कोणते सत्य हाती दिले आणि कोणते निसटू दिले, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे. हा वाद केवळ शब्दांचा नाही, हे लेखाच्या उत्तरार्धातील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

२. पूर्वपीठिका

आपल्या परंपरेत ह्या विषयाला जवळचा वाटणारा शब्द म्हणजे ‘मात्स्यन्याय’. मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा त्याचा वाच्यार्थ. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात तो येतो तो दंडनीतीच्या संदर्भात : दंड धारण करणारा नसेल तर बलवान दुर्बलाला ग्रासतो, असे तेथे सांगावयाचे आहे. म्हणजे मात्स्यन्याय हे अव्यवस्थेचे नाव आहे. परिस्थितिविज्ञान ज्याचा शोध घेते ती मात्र व्यवस्था आहे. शिवाय मात्स्यन्यायात केवळ आकारमान व बळ एवढाच निकष आहे. लहान मासा कशावर जगतो, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींपर्यंत ही दृष्टी पोहोचत नाही, आणि तिची आवश्यकताही राजनीतीच्या ग्रंथाला नव्हती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्राण्यांचे जे आठ वर्ग केलेले आहेत, ते ह्या दृष्टीने अधिक लक्षणीय होत. प्रसह म्हणजे झडप घालून बळाने खाणारे, विष्किर म्हणजे पायांनी उकरून वेचणारे, प्रतुद म्हणजे चोचीने टोचून खाणारे. इतर वर्ग भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल असे निवासावरून किंवा संचारावरून पाडलेले आहेत. प्राणी काय आहे ह्यापेक्षा तो कोठे राहतो व कसा खातो, हे येथे वर्गीकरणाचे तत्त्व आहे. मात्र त्याचा हेतू मांसाचे गुणधर्म ठरविणे हा होता. अखेरचा भक्षक येथे रोगी मनुष्य आहे. ह्या वर्गांमधील परस्परसंबंध त्यातून सिद्ध होत नाही. तेव्हा प्राचीन शब्दांत आधुनिक संकल्पना शोधण्याचा मोह टाळणेच इष्ट.

३. एल्टन : साखळी, जाळे आणि संख्येचा मनोरा

१९२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर चार्ल्स एल्टन हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ उत्तर ध्रुवप्रदेशातील स्पिट्सबर्गन व बेअर आयलंड ह्या बेटांवर गेला. ही बेटे उघडीबोडकी, तेथील प्राण्यांच्या जाती थोड्या. हीच गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. उष्ण कटिबंधातील अरण्यात कोण कोणाला खातो हे शोधणे आयुष्याचे काम; येथे ते एका चौकटीत मांडता येण्यासारखे होते. ध्रुवीय कोल्हा उन्हाळ्यात पक्षी खातो. ते पक्षी कीटकांवर, वनस्पतींवर किंवा समुद्रातील जीवांवर जगतात. हिवाळ्यात तोच कोल्हा हिमप्रदेशातील अस्वलाने मारलेल्या सीलचे उरलेसुरले मांस खाऊन राहतो. १९२३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ समरहेज ह्याच्या सहकार्याने एल्टनने हे संबंध बाणांच्या आकृतीने प्रसिद्ध केले, आणि १९२७ साली प्राणी-परिस्थितिविज्ञानावरील आपल्या ग्रंथात त्यांना तात्त्विक रूप दिले.

ह्या आकृत्यांमधील बाणाची दिशा विचार करण्यासारखी आहे. ‘कोल्हा पक्षी खातो’ ह्या वाक्यात कर्ता कोल्हा आहे आणि क्रिया त्याच्याकडून पक्ष्याकडे जाते. आकृतीतील बाण मात्र पक्ष्याकडून कोल्ह्याकडे जातो. व्याकरण कृतीची दिशा दाखविते, आकृती अन्नाची दिशा दाखविते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हे बाण उलटे काढलेले आढळतात, त्याचे कारण बहुधा हेच. मराठीत तर भूतकाळी ‘गाईने गवत खाल्ले’ असे म्हणताना क्रियापद गवताशी जुळते, गाईशी नाही.

एल्टनने वनस्पतीपासून अंतिम भक्षकापर्यंतच्या एका ओळीला ‘अन्नसाखळी’ म्हटले, आणि एखाद्या समुदायातील सर्व साखळ्यांच्या गुंतागुंतीला ‘अन्नचक्र’. ह्या दुसऱ्या संज्ञेच्या जागी पुढे ‘अन्नजाळे’ ही संज्ञा रूढ झाली, आणि ते योग्यच झाले. साखळीचे रूपक क्रम दाखविते, परंतु प्रत्येक दुवा एकाच दुव्याशी जोडलेला आहे असा आभास निर्माण करते. जाळ्याचे रूपक ही उणीव भरून काढते; एक धागा तुटला तरी भार दुसऱ्या धाग्यांवर जातो, हेही ते सुचविते. परंतु सर्व धागे सारख्याच महत्त्वाचे आहेत, असा नवा आभास त्यातून होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन ह्याने खडकाच्या एका पट्ट्यातून केवळ एक जातीचा तारामासा सातत्याने काढून टाकला, तेव्हा शिंपल्यांच्या जातीच्या एका प्राण्याने बहुतेक जागा व्यापली आणि तेथील १५ जातींपैकी ८ च उरल्या, असे त्याने १९६६ साली नोंदविले. अशा जातीला त्याने पुढे कमानीतील मधल्या दगडाची उपमा दिली. जाळ्याच्या रूपकात जे बसत नव्हते, त्यासाठी वास्तुशिल्पातील नवे रूपक आणावे लागले.

एल्टनचे तिसरे निरीक्षण असे, की साखळीच्या तळाशी असणारे प्राणी संख्येने विपुल असतात, आणि वर जावे तसतशी संख्या झपाट्याने घटत जाते. ह्याला त्याने ‘संख्येचा मनोरा’ म्हटले. साखळ्यांची लांबीही चार-पाच दुव्यांपलीकडे सहसा जात नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. लहान प्राण्यांची वाढ व प्रजनन वेगाने होते, त्यामुळे त्यांच्यात मोठ्या प्राण्यांना पुरेल इतका वाढावा निर्माण होतो, असा कार्यकारणभाव त्याने सुचविला. हे स्पष्टीकरण चुकीचे नव्हते. परंतु मनोरा निमुळता होत जाणे अनिवार्य का आहे, हे त्यातून सिद्ध होत नव्हते.

४. टॅन्स्ली आणि लिंडमन : समुदायाकडून ऊर्जेकडे

१९३५ साली आर्थर टॅन्स्ली ह्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचा विषयच मुळी परिस्थितिविज्ञानातील संज्ञांचा उपयोग व दुरुपयोग हा होता. वनस्पतिसमूह हा जणू एक महाजीव आहे, जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो, अशी तत्कालीन एका प्रबळ संप्रदायाची भाषा होती. टॅन्स्लीने तिला आक्षेप घेतला. जीवसमूह आणि त्याभोवतीचे निर्जीव घटक, म्हणजे माती, पाणी, हवा, उष्णता, ही मिळून एक भौतिक व्यवस्था होते, असे त्याचे प्रतिपादन. आणि त्या व्यवस्थेला त्याने जी संज्ञा दिली, तिचा मराठी पर्याय ‘परिसंस्था’. शास्त्रातील एक मूलभूत संकल्पना परिभाषेच्या चिकित्सेतून जन्माला आली, ही घटना भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. महाजीवाला मोजता येत नाही. व्यवस्थेत काय आत येते आणि काय बाहेर जाते, हे मोजता येते.

हे मोजण्याचे धाडस रेमंड लिंडमन ह्याने केले. मिनेसोटा राज्यातील सीडर बॉग हे एक लहानसे, गाळाने भरत चाललेले तळे. पत्नी एलिनोर हिच्या साहाय्याने त्याने तेथील शेवाळ, पाणवनस्पती, सूक्ष्म प्राणी, कीटक, मासे ह्यांचे नमुने वर्षानुवर्षे गोळा केले. येल विद्यापीठात हचिन्सन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने ह्या सामग्रीची नवी मांडणी केली. प्रत्येक जातीचा स्वतंत्र विचार न करता त्याने सजीवांचे ‘पोषणस्तर’ पाडले : सूर्यप्रकाशापासून अन्न निर्माण करणारे उत्पादक, त्यांच्यावर जगणारे प्राथमिक भक्षक, त्यांच्यावर जगणारे द्वितीयक भक्षक. नंतर प्रत्येक स्तराच्या वाट्याला किती ऊर्जा येते, ह्याचा हिशेब केला. सीडर बॉगमध्ये उत्पादक सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे ०.१० टक्का बांधून ठेवतात, त्यातील १३.३ टक्के प्राथमिक भक्षकांकडे जाते, आणि त्यातील २२.३ टक्के द्वितीयक भक्षकांकडे, असे त्याचे निष्कर्ष होते.

हा निबंध ‘इकॉलॉजी’ ह्या नियतकालिकाकडे गेला, तेव्हा सरोवरविज्ञानातील दोन अधिकारी परीक्षकांनी तो नाकारण्याची शिफारस केली. सामग्री थोडी आणि सिद्धान्त फार, असा त्यांचा आक्षेप होता. हचिन्सन ह्यांनी आग्रहाने पाठपुरावा केला. संपादक टॉमस पार्क ह्यांनी अखेर निबंध स्वीकारला. तो ऑक्टोबर १९४२ च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, जून १९४२ मध्ये, यकृताच्या दीर्घ विकाराने लिंडमनचे निधन झाले होते. वय २६ वर्षांचे. परीक्षकांचा आक्षेप निराधार नव्हता. त्याचे कित्येक आकडे पुढे तोकडे ठरले. परंतु जो प्रश्न त्याने विचारला, तो टिकला.

एल्टनच्या मनोऱ्याचे कारण आता सापडले. कोणताही सजीव ग्रहण केलेल्या ऊर्जेपैकी मोठा भाग स्वतःच्या जगण्यावर, म्हणजे श्वसन, हालचाल, शरीराची डागडुजी ह्यांवर खर्च करतो. तो उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार ही विखुरलेली उष्णता पुन्हा अन्नात बांधता येत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही. कामास येण्याची तिची योग्यता संपते. म्हणून पुढच्या स्तराला मागच्यापेक्षा कमी ऊर्जा मिळणे हा योगायोग नसून नियम होय. वाघ विरळ असतात ह्याचे मूळ कारण हेच.

५. सिल्व्हर स्प्रिंग्ज : एका झऱ्याचा जमाखर्च

ऊर्जेचा हिशेब पूर्णत्वाने मांडणारे अभिजात उदाहरण फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज ह्या झऱ्याचे आहे. तेथील पाणी नितळ आणि तपमान वर्षभर जवळजवळ स्थिर. प्रयोगशाळेतील पात्रच जणू निसर्गाने तयार ठेवलेले. हॉवर्ड ओडम ह्याने १९५७ साली प्रसिद्ध केलेले आकडे पुढीलप्रमाणे आहेत. सर्व आकडे दर चौरस मीटरला दर वर्षी किलोकॅलरींत आहेत.

झऱ्यावर पडणारी सूर्याची ऊर्जा सुमारे १७,००,०००. त्यांपैकी वनस्पती शोषून घेतात ती ४,१०,०००. प्रकाशसंश्लेषणाने अन्नात बांधली जाते ती २०,८१०. ह्यातील ११,९७७ वनस्पती स्वतःच श्वसनात खर्च करतात. उरलेली ८,८३३ ही निव्वळ कमाई. शाकाहारी प्राण्यांकडे ३,३६८ जाते, मांसाहारी प्राण्यांकडे ३८३, आणि अंतिम मांसाहारी प्राण्यांकडे अवघी २१.

आता खर्चाची बाजू पाहावी. शाकाहारी प्राण्यांचे श्वसन १,८९०, मांसाहारींचे ३१६, अंतिम मांसाहारींचे १३, विघटकांचे ४,६००. वनस्पतींचा खर्च मिळवला म्हणजे एकूण श्वसन १८,७९६ होते. २,५०० इतकी ऊर्जा पाण्याबरोबर प्रवाहाच्या खालच्या अंगास वाहून जाते. खर्चाची बेरीज २१,२९६. जमेच्या बाजूला प्रकाशसंश्लेषणाचे २०,८१० आणि बाहेरून आलेल्या अन्नाचे ४८६, बेरीज तीच. दोन्ही बाजू जुळतात. खतावणी लिहिणाऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. परंतु खेकडे, मासे, कासवे आणि शेवाळ ह्यांच्या संसाराला ती लागू पडते, हे नवल आहे.

६. रूपकांच्या मर्यादा

ह्या यशामुळे काही सुलभीकरणे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली; त्यांची परीक्षा आवश्यक आहे.

(अ) ‘दहा टक्क्यांचा नियम’. एका स्तराकडून दुसऱ्याकडे दहा टक्के ऊर्जा जाते, असे सांगण्याचा प्रघात आहे. सिल्व्हर स्प्रिंग्जचेच प्रमाण काढले तर ते अनुक्रमे सुमारे १६, ११ आणि ५.५ टक्के येते. म्हणजे वर जावे तसे घटते. लिंडमनच्या तळ्यात ते वर जाताना वाढलेले दिसते. तेव्हा दहा हा आकडा परिमाणाचा अंदाज देतो. त्याला नियम म्हणणे बरोबर नाही. ऊर्जा घटते हा नियम. किती घटते ही प्रत्येक ठिकाणची वस्तुस्थिती.

(आ) ‘मनोरा’. ऊर्जेचा मनोरा उलटा होऊ शकत नाही. संख्येचा होतो : एका उंबरावर सहस्रावधी कीटक जगतात. वस्तुमानाचाही होतो : इंग्लिश खाडीत दर चौरस मीटरला वनस्पतिप्लवक सुमारे ४ ग्रॅम आणि प्राणिप्लवक सुमारे २१ ग्रॅम, असे मापन प्रसिद्ध आहे. वनस्पतिप्लवकांची पैदास इतकी जलद होते, की थोडासा साठाही मोठ्या भक्षकवर्गाला पोसू शकतो. शिल्लक आणि उलाढाल ह्यांत भेद आहे. मनोऱ्याचे रूपक साठा दाखविते, वेग दाखवीत नाही; म्हणून ‘प्रवाह’ ह्या रूपकाची गरज भासते.

(इ) ‘चक्र’. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस ही द्रव्ये परिसंस्थेत फिरत राहतात. त्यांच्या बाबतीत चक्र हा शब्द सार्थ आहे. ऊर्जा फिरत नाही. ती येते, वापरली जाते आणि जाते. ‘ऊर्जाचक्र’ असा प्रयोग क्वचित आढळतो. तो वदतोव्याघात होय.

(ई) ‘स्तर’. कोकणच्या खाडीतील बगळा निवटी खातो, खेकडा खातो, कीटकही खातो. त्याला कोणत्या स्तरावर बसवावे? मनुष्याने भात खाल्ला तर तो प्राथमिक भक्षक, त्यावर मासळीची आमटी घेतली तर त्याच ताटावर तो दोन-तीन पायऱ्या वर चढतो. स्तर हे ऊर्जेच्या हिशेबाचे रकाने आहेत. प्राण्यांच्या जाती नव्हेत.

(उ) प्रवाहाच्या रूपकाचीही एक सीमा आहे. ऊर्जा वरवर जाताना क्षीण होते म्हणून सर्वच काही क्षीण होते, असा समज घातक ठरला आहे. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक ह्या सरोवरात, चिलटांसारख्या एका न चावणाऱ्या कीटकाच्या नाशासाठी १९४९, १९५४ व १९५७ साली डीडीडी हे कीटकनाशक टाकण्यात आले. पाण्यातील त्याचे प्रमाण अखेरच्या दोन वेळी पाच कोटी भागांत एक भाग, म्हणजे दशलक्ष भागांत ०.०२, इतके अल्प ठेवले होते. पुढे सरोवरावरील ग्रीब पक्षी, आपल्याकडील टिबुकलीचे भाईबंद, मरू लागले. त्यांच्या चरबीत हेच द्रव्य दशलक्ष भागांत १,६०० भाग आढळले, म्हणजे पाण्याच्या ८०,००० पट. अन्न श्वसनात जळते. हे विष जळत नाही आणि चरबीत साचते. ज्या वाटेने ऊर्जा घटत गेली, त्याच वाटेने विष वाढत गेले.

७. न मोजलेली बाजू : मृतभक्षक आणि विघटक

साखळीची पाठ्यपुस्तकी आकृती गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी जिवंताकडून जिवंताकडे जाते. वस्तुतः जमिनीवरील बहुतेक परिसंस्थांत वनस्पतींनी निर्माण केलेल्या अन्नाचा मोठा भाग जिवंतपणी कोणी खातच नाही. तिवरांच्या वनातील पाने गळतात, चिखलात कुजतात, आणि त्या कुजक्या पानांवर वाढलेले जिवाणू व बुरशी ह्यांच्यासह ती खेकडे व कोळंबी ह्यांचे अन्न होतात. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्येही विघटकांकडे गेलेली ५,०६० ही रक्कम शाकाहारी प्राण्यांच्या वाट्यापेक्षा मोठी आहे. तरीही आकृतीत विघटकांना कोपऱ्यातील एक चौकट मिळते. भाषेतही त्यांची प्रतिष्ठा बेताचीच. मराठीत ‘गिधाड’ हा शब्द माणसाला लावला तर ती शिवी ठरते.

ह्या उपेक्षेची किंमत भारताने मोजलेली आहे. १९९० च्या दशकात भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने ढासळल्याचे ध्यानात आले, आणि तीच गोष्ट देशभर दिसू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९२ ते २००७ ह्या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. २००४ साली कारण निश्चित झाले : गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफेनॅक. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारताने पशुवैद्यकात ह्या औषधावर बंदी घातली.

गिधाडे गेली, परंतु मृत जनावरे राहिली. म्हणजे त्या मांसातील ऊर्जा राहिली. ऊर्जेला भक्षक हवाच असतो. भटकी कुत्री, उंदीर आणि जिवाणू हे त्या वाट्याचे नवे धनी झाले, आणि त्यांच्याबरोबर रोग आले. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांमध्ये शतकानुशतके चालत आलेला विधी गिधाडांअभावी अडला, आणि सूर्यकिरण केंद्रित करणाऱ्या परावर्तकांचा आश्रय घ्यावा लागला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय संशोधनाचा निष्कर्ष असा, की पूर्वी गिधाडांना अनुकूल असलेल्या जिल्ह्यांत त्यांच्या ऱ्हासानंतर मानवी मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढला. कोपऱ्यातील चौकट रिकामी झाली, आणि हिशेब माणसांच्या नावे निघाला.

८. समारोप

चारही रूपकांचा एकत्र विचार केल्यास असे दिसते, की साखळी क्रम सांगते, जाळे परस्परावलंबन सांगते, मनोरा प्रमाण सांगतो आणि प्रवाह गती सांगतो. कोणतेही एक रूपक पुरेसे नाही, आणि कोणतेही टाकाऊ नाही. अध्यापनात ती एकामागून एक न शिकविता परस्परांच्या मर्यादा दाखविणारी म्हणून शिकविली, तर विद्यार्थ्याची समजूत अधिक पक्की होईल.

शेवटी एका धातूचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. ‘भक्षक’ आणि ‘भक्ष्य’ हे दोन्ही शब्द ज्या ‘भक्ष्’ धातूचे, तो ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाटा घेणे ह्या धातूपासून विस्तारलेला आहे, असे ऐतिहासिक व्युत्पत्तिशास्त्र मानते. ‘भाग’ हा शब्द त्याच धातूचा. आणि संस्कृत ‘भक्त’, म्हणजे वाट्याला आलेले अन्न, ह्यापासूनच मराठी ‘भात’ सिद्ध झाला. ह्यावरून प्राचीनांना पोषणस्तर ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. परंतु खाणे म्हणजे हिसकावणे, ह्या मात्स्यन्यायाच्या कल्पनेपेक्षा खाणे म्हणजे वाटा घेणे, ही ह्या धातूतील कल्पना परिसंस्थेच्या हिशेबाशी अधिक जुळते. प्रत्येक स्तराला वाटा आहे, तो मर्यादित आहे, आणि एकाने तो घेतला नाही तर दुसरा कोणी घेतो. तो दुसरा कोण असेल हे ठरविणे मात्र माणसाच्या हाती क्वचितच असते.